पाळणाघरात चावणारं मूल: नाव कमी करायचं का?

डोंबिवलीची_माई
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवते. तळमजल्यावरचा टू बीएचके, त्यातला हॉल आणि एक बेडरूम मुलांची. मदतीला दोन मावशी आहेत. सव्वा वर्षाच्या बाळांपासून शाळा सुटल्यावर येणाऱ्या पहिली-दुसरीतल्या पोरांपर्यंत सगळी एकत्र. पालक बहुतेक सकाळची फास्ट पकडणारे, त्यामुळे सातच्या आधी बेल वाजायला लागते आणि संध्याकाळचं सगळं मध्य रेल्वेच्या मर्जीवर.

तर सध्या एक मुलगा आहे, दोन वर्षांच्या आतला. गणपतीनंतर यायला लागला. त्याला इथे बंड्या म्हणू. बंड्या चावतो. रडत नाही, ओरडत नाही, समोरच्याचा दंड दिसला की तोंड उघडतो आणि लावतो दात. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या गालावर चावला. तिच्या आईने फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, 'कोण?' मी नाव सांगितलं नाही. पण आमच्याकडे पहिलीतली पोरं आहेत, ती आकाशवाणी आहेत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. आता तीन घरांचं म्हणणं आहे, 'त्याला काढा, नाहीतर आम्ही मुलं काढतो.'

त्याची आई ऐरोलीला कामाला आहे, वडील पाळीत. आजी-आजोबा गावी. मी काढलं तर तिला नोकरी सोडावी लागेल हे मला दिसतंय. पण दुसऱ्या मुलांची जबाबदारीही माझीच. तुम्ही काय कराल? आणि चावला की त्या क्षणी नेमकं काय करायचं?

शेंगदाण्याची_चटणी
काढू नका. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

ठाणेकर_आई
माझी मुलगी चावून घेणाऱ्यांपैकी, म्हणून दुसरी बाजू लिहिते. लोक लगेच 'लहान आहे हो, कळत नाही' म्हणतात. मान्य. पण माझ्या मुलीलाही कळत नाही ना, की तिला का चावलं? सलग तीन आठवडे रोज घरी नवीन खूण घेऊन यायची. शेवटी पाळणाघराच्या गल्लीत रिक्षा वळली की रडायला लागायची. आम्ही पैसे भरतो ते मूल सुरक्षित राहावं म्हणून. माई, तुमची तळमळ कळतेय, पण त्या गालवालीच्या आईला 'समजून घ्या' एवढंच सांगू नका. मला त्या दोन शब्दांचा प्रचंड राग आहे.

बेरकी_बोका
आमच्या ऑफिसात पण एक आहे. पन्नाशीचा आहे. त्याचं नाव कमी करता येईल का?

सांगलीचे_आबा
आमच्या वेळी हे धागे नव्हते. चावलं की एक चापट, विषय संपला. आता चार तज्ज्ञ येऊन सांगतील त्याच्या भावना समजून घ्या.

मुक्ताई७९
आबा, चापट मारल्यावर विषय संपायचा की तुमच्यासमोरचा विषय संपायचा? माझा धाकटा काका आजीसमोर शहाणा आणि गोठ्यामागे सगळ्यांना बुकलायचा.

चहाबिस्किट
आमच्या शेजारच्या काकू सांगतात, चावलं की आपण त्याला हळूच चावून दाखवायचं, म्हणजे दुखतं हे कळतं. कुणी केलंय का हे?

मुक्ताई७९
@चहाबिस्किट, पालकांच्या ग्रुपवर 'आज पाळणाघरवाल्या माई मुलाला चावल्या' असा मेसेज गेला तर पुढचा धागा तुरुंगातून काढावा लागेल त्यांना.

डॉ_पिंपळपान
बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लिहितो.

एक ते तीन या वयात चावणं, ढकलणं, केस ओढणं सर्रास दिसतं. या वयात मुलाला हवं-नको सगळं कळत असतं, पण सांगायला शब्द नसतात. त्यात दुधाचे वीसच्या वीस दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात, म्हणजे हिरड्या शिवशिवण्याचा काळही हाच. काकूंचा उपाय अजिबात नको. मोठं माणूस चावतं म्हणजे चावणं चालतं, एवढाच धडा दोन वर्षांचं मूल त्यातून घेतं. त्याला दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवता येत नाही अजून.

जखमेचं: साबण आणि वाहतं पाणी. कातडी फाटली नसेल तर थंड पाण्याच्या फडक्याची घडी पुरे. कातडी फाटून रक्त आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि लसीकरणाची फाईल बरोबर न्या, धनुर्वाताची लस वेळेवर झालीय का ते बघावं लागतं. माणसाच्या चाव्यात जंतूसंसर्ग होऊ शकतो. हळद, टूथपेस्ट, कॉफी असलं काही लावू नका, मग आम्हाला खाली काय आहे ते दिसत नाही.

माई, एक विचारतो. बंड्या बोलतो का? दोन वर्षांच्या आसपास 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. अगदीच शब्द नसतील तर पालकांना कानाची तपासणी करून घ्यायला सांगा. सर्दीने कानात पाणी साठून कमी ऐकू येणारी मुलं 'हट्टी' म्हणून वर्षभर फिरतात. असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर बघत नाही, नजर देत नाही, असं काही असेल तर थांबू नका. तीन-साडेतीननंतरही चावणं तसंच चालू असेल तरी दाखवा.

डोंबिवलीची_माई
डॉक्टर, धन्यवाद. बोलतो थोडं. 'दे', 'नको', 'गाई', 'पाणी' येतं. हाकेला बघतो, कुकरची शिट्टी झाली की बोट दाखवतो. पण सर्दी सारखी असते, म्हणून कानाचं आईला सांगते.

बालवाडीच्या_बाई
मी निवृत्त बालवाडी शिक्षिका. माई, तुमच्या प्रश्नात 'कोण' आणि 'काय' आहे, पण 'कधी' आणि 'कुठे' नाही. मला आधी ते हवं.

एक साधी वही घाला. चार रकाने. वेळ. चावण्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. कुणाला आणि कुठे. नंतर मोठ्यांनी काय केलं. मावशींना लिहायला जमत नसेल तर तुम्ही त्यांना विचारून लिहा, पण त्याच दिवशी. रात्री आठवून लिहिलं की आपण 'उगीचच चावला' असं लिहितो. उगीच चावणारं मूल मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. कारण असतंच, ते आपल्याला दिसलेलं नसतं, कारण आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चड्डीची नाडी बांधत असतो.

आता वही भरेपर्यंत काय करायचं ते. खेळणी मोजा. दोन वर्षांच्या मुलांना वाटून खेळा सांगणं म्हणजे वेळ घालवणं, ते त्या वयात येतच नाही. एकच लाल डंपर असेल तर मारामारी ठरलेली. महागडी दहा वेगवेगळी खेळणी आणण्यापेक्षा एकसारखी स्वस्त चार आणा. स्टीलच्या वाट्या आणि चमचेसुद्धा चालतात. हॉलमध्ये लहानांचा एक कोपरा वेगळा करा, सोफा आडवा लावून का होईना. पहिलीतली पोरं चेंडू घेऊन धावत असताना दीड वर्षाचं मूल भिंतीला चिकटून उभं राहतं, आणि जवळ जो येईल त्याला चावतं. ते त्याचं 'लांब हो' असतं.

चावला त्या क्षणी: आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. त्याला कडेवर घ्या, धुवा, फुंकर घाला. चावणाऱ्याकडे नंतर. आपण उलटं करतो, धावतो ते चावणाऱ्यावर ओरडायला. सगळं घर त्याच्याभोवती जमतं. मग खाली त्याच्या उंचीला बसायचं आणि चार शब्द: 'चावायचं नाही. दुखतं तिला.' बस. भाषण नको. सॉरी म्हणायला लावू नका, गालाची पापी घ्यायला तर मुळीच लावू नका, तोंड परत तिथेच जातं. नंतर त्याला त्याचा शब्द द्या. डंपर हवा होता ना, 'दे' म्हण, हात पुढे कर. हे शंभरदा करावं लागतं. मूल शहाणं असलं तरी शंभरदाच.

शेंगदाण्याची_चटणी
बाई, __/\__. मी एवढंच लिहिणार होते पण अर्धवट आणि चुकीच्या क्रमाने.

सांगलीचे_आबा
बाई, तुमचं वाचलं. पटण्यासारखं आहे. पण वीस पोरं आणि दोन मावश्या असताना शंभरदा कोण करणार? हे सगळं परदेशी पुस्तकातलं वाटतं.

बालवाडीच्या_बाई
आबा, परदेशी म्हणाल तर मूळ माँटेसोरीबाईंचं, खरं. त्या १९३९ मध्ये स्वतः भारतात आल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं होतं, मार नाही, धाक नाही म्हणून. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, पुढे डहाणूजवळचा कोसबाडचा डोंगर, आदिवासी पाड्यांतलं काम. तिथे हातात काय होतं? तुमच्या वीस पोरांपेक्षा जास्त पोरं आणि कमी पैसे. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेला येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. मूल बसेना म्हणून मुलाला हाणलं नाही, व्यवस्था हलवली. मी बोलतेय ते तेच आहे, सोफा आडवा लावणं.

विदर्भाचा_वाघ
बाई, एक नंबर. आमची आई अंगणवाडीसेविका होती. एक सेविका, एक मदतनीस, वरून वजनं घ्या, रजिस्टरं भरा, पोषण आहार वाटा, पोलिओचा डोस असला की घरोघर फिरा. १९७५ पासून योजना चालू आहे, गांधीजयंतीला सुरू झाली होती, पण सेविकेला अजून पगार नाही म्हणत, मानधन म्हणतात. तरी आईनं कधी पोराला हात लावला नाही. तिच्याकडं एक पोरगं थुंकायचं. चावणं परवडलं, असं म्हणायची. त्याला तिनं रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलं होतं. थुंकणं थांबलं का माहीत नाही, पण कुंड्या वाढल्या.

बेरकी_बोका
कुंड्यांत थुंकत असेल.

श्टुटगार्टची_शमा
जर्मनीतून लिहितेय. इथे एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायद्याने हक्क आहे, ऑगस्ट २०१३ पासून. जागा प्रत्यक्षात मिळते का, ते विचारू नका, आम्ही गरोदरपणात नाव नोंदवलं होतं.

पण एक गोष्ट मला आवडली. मूल पहिल्या दिवशी सोडून जायचंच नाही. 'आईंगेव्होनुंग' म्हणतात, सवय लावण्याचा काळ. पहिले काही दिवस आई किंवा बाबा तिथेच कोपऱ्यात गप्प बसून राहतात, मूल त्या एका ताईशी ओळख करून घेतं. मग पालक काही मिनिटं बाहेर जाऊन येतात, मग अर्धा तास, असं वाढवत नेतात. काही आठवडे जातात त्यात. माई, बंड्याला गणपतीनंतर एकदम पूर्ण दिवस ठेवला होता का?

आणि नावाचं. इथे कोण चावलं ते दुसऱ्या पालकांना सांगतच नाहीत. काय झालं, कधी झालं, काय उपचार केले, सगळं सांगतात, पण नाव नाही. अर्थात माझ्या लेकीने घरी येताना ट्राममध्ये सगळ्यांसमोर मराठीत आरोपपत्र वाचून दाखवलं, ती गोष्ट वेगळी. आकाशवाणी सगळीकडे आहे.

ठाणेकर_आई
नाव सांगायचं नाही हे मला पटत नाही. मला त्या मुलाला शिक्षा नको आहे. मला माझ्या मुलीला त्याच्यापासून लांब ठेवा एवढं सांगायचं असतं. आणि ती घरी येऊन एक नाव घेते, ते खरं की खोटं हे तरी कळू दे.

एक_बाबा
मी इतके दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी चावणाऱ्या मुलाचा बाप आहे. तुमच्या बंड्याचा नव्हे, आमचा वेगळा.

नाव ग्रुपवर फुटल्यावर काय होतं ते सांगतो. सोसायटीच्या बागेत आमचा मुलगा घसरगुंडीवर चढला की बायका आपापली मुलं उचलायच्या. तो सव्वादोन वर्षांचा होता. वाढदिवसाला बोलावलेल्यांपैकी दोनच मुलं आली. एका आजोबांनी माझ्यासमोर नातवाला 'त्याच्याजवळ जाऊ नको, तो चावरा आहे' सांगितलं, कुत्र्याबद्दल बोलतात तसं. माझी बायको बागेत जायचीच बंद झाली. मुलगा पुढे बोलायला लागला तसा चावायचा थांबला, पण 'चावरा' बालवाडी संपेपर्यंत राहिला. ठाणेकर ताई, तुमचा राग मला कळतो, खरंच. पण मुलांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम पाळणाघराचं आहे, त्याला नावाची गरज नाही. त्यांना माहीत असतंच.

ठाणेकर_आई
@एक_बाबा, वाढदिवसाचं वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण फोटो ग्रुपवर टाकू नये, एवढं मान्य.

निवांत_नील
सगळीकडे सीसीटीव्ही लावा आणि पालकांना मोबाईलवर लाईव्ह द्या. वाद संपले.

मुक्ताई७९
नील, वाद सुरू होतील. ऑफिसात बसून बारा पालक एकदम फोन करतील, 'माझ्या मुलाला आत्ता त्याने ढकललं, तुम्ही कुठे बघत होता?'

वकीलीण_बाई
कॅमेऱ्याची बाजू घेते. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. चित्रण असावं, ते मालकाकडे जपून ठेवलेलं असावं, तक्रार आली की दाखवावं. प्रत्येक पालकाच्या फोनवर दुसऱ्यांची मुलं दिवसभर दिसणं हे मात्र मलाही नको.

आणि आबांच्या चापटीबद्दल. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण, छळ केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत. 'आमच्या वेळी' हा बचाव त्यात नाही.

आणखी एक, थोडं अवांतर. बंड्याच्या आईच्या कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, दिवसात चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही. विचारायला हरकत नाही.

शेंगदाण्याची_चटणी
विचारलं होतं आम्ही. एचआर म्हणाले, टायअप आहे. टायअप बोरिवलीला, ऑफिस महापेला. मूल कुरियरने पाठवायचं का?

सांगलीचे_आबा
वकीलीण बाई, मी फक्त बोललो, मारलं कुणालाच नाही. आमची नातच मला मारते. तिला कलम आहे का?

गोडांबा
माझी शंका कुणी घेईल का? मुलगी तीन वर्षांची. पाळणाघरात दिवसभर शहाणी, जेवते, झोपते, ताई कौतुक करतात. मी दारात दिसले की चपला फेकते, जमिनीवर लोळण घेते, जिन्यात आडवी होते. ताई म्हणतात, 'आमच्याकडे असं कधीच करत नाही हो.' म्हणजे मीच कुठेतरी कमी पडतेय का?

बालवाडीच्या_बाई
गोडांबा, नाही. दिवसभर तिने स्वतःला आवरून धरलेलं असतं. तुम्ही दिसलात की सोडते. जिथे भीती नाही तिथेच मूल असं करतं. दारात लगेच 'चल चल, रिक्षा थांबलीय' करू नका. पाच मिनिटं तिथेच खाली बसा, पाणी द्या, एखादं केळं किंवा लाडू पर्समध्ये ठेवा. अर्धी लोळण भुकेची असते. आणि ताईंशी बोलणं तिच्या डोक्यावरून करू नका, 'आज काय केलं हिने' वगैरे. ते फोनवर.

गोडांबा
लाडू आजपासून. जिन्यातले शेजारी तुमचे आभारी राहतील.

डोंबिवलीची_माई
उशीर झाला, दिवाळीच्या गडबडीत होते. वही घातली होती त्याच दिवशी. आता भरपूर पानं झाली, म्हणून सांगते.

बंड्या जवळजवळ नेहमी साडेअकरा ते सव्वाबारामध्ये चावतो. सकाळी नाही, दुपारी झोपून उठल्यावर नाही. आणि जागा एकच, हॉलमधून मोरीकडे जाणारा बोळ. साडेबाराला आमच्याकडे सगळ्यांचं जेवण एकदम असतं. त्याआधी हात धुवायला मुलं त्या बोळात रांगेत उभी राहतात. एक मावशी नळावर, दुसरी ताटं वाढतेय, मी बाळांना घेऊन. मोठी पोरं मागून ढकलतात, बंड्या मध्ये चेंगरतो, त्याच्या नाकासमोर कुणाचा तरी दंड. हे मला वही लिहीपर्यंत दिसलंच नव्हतं, रोज त्याच बोळातून जात होते तरी.

मग त्याच्या आईला शांतपणे बसवून विचारलं, रात्री किती वाजता झोपतो? ती आठच्या पुढे घरी पोचते, मग स्वयंपाक, बाबांची पाळी सुटते दहाला, ते आले की मुलगा त्यांच्याशी खेळतो. साडेअकरा होतात. सकाळी सहाला त्याला अर्धवट झोपेत उचलून आणते. आमच्याकडे दुपारी दीड तास झोपतो. डॉक्टर, या वयाला किती हवी झोप?

डॉ_पिंपळपान
एक ते दोन वर्षांना दिवसा-रात्रीची मिळून अकरा ते चौदा तास. तुमच्या हिशेबाने हा आठ तासांवर चाललाय. माझी रात्रपाळी झाली की मीही चावतो.

डोंबिवलीची_माई
तेच. त्या बाईला 'मुलाला लवकर झोपवा' सांगायला माझी जीभ रेटली नाही. गाडी काय माझ्या हातात आहे, की तिच्या? बाप दिवसातून तेवढाच एक तास मुलाला भेटतो, तो काढून घ्या म्हणू? म्हणून माझ्या हातात होतं ते केलं. बंड्या आणि आणखी दोघी लहान, यांना सव्वाअकराला बेडरूममध्येच वेगळं जेवायला बसवते. हात तिथेच पातेल्यात धुवायचे, बोळात जायचंच नाही. बाराच्या आत आडवी होतात. बंड्या आता सरळ अडीचपर्यंत झोपतो. मोठ्यांची जेवणं नंतर, आरामात. मावशी आधी कुरकुरल्या, दोनदा वाढप म्हणून. आता म्हणतात बरं आहे, मोठी पोरं जेवताना लहान उठून पळत नाहीत. पहिलीतल्या दोन आकाशवाण्यांना चटया अंथरायचं काम दिलंय.

चावणं थांबलंय का? नाही, पूर्ण नाही. परवा डंपरवरून लावलेच दात, पण मावशी जवळ होती, तिने मध्ये हात घातला. नवे डंपर आणलेत, सगळे लाल. कानाची तपासणी झाली, ऐकायला येतंय नीट, सर्दीचं औषध चालू आहे.

तीन घरांपैकी दोन थांबली. गालवाली गेली. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, काय बदललं ते दाखवलं. ती म्हणाली, पटतंय, पण मला आता ऑफिसात बसून लक्ष लागत नाही. तिलाही मी काय म्हणणार? महिन्याचे उरलेले पैसे परत दिले.

श्टुटगार्टच्या ताई, हो, पहिल्या दिवसापासून पूर्ण दिवस. तिची रजा संपली होती. इथे काही आठवडे कोपऱ्यात बसायला रजा कोण देणार? पण आता नवीन मूल आलं की निदान पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, आणि आई नाही तर आजी-मावशी कुणीतरी सोबत, असं सांगायला सुरुवात केलीय. एका घराने ऐकलं.

ठाणेकर_आई
माई, तुम्ही जे गालवालीच्या आईला दाखवलंत, तेवढं मला कुणी दाखवलं असतं तर मी मुलीला तिथून काढलं नसतं. नावाचा आग्रह तरी केला असता, ते वेगळं. :)

विदर्भाचा_वाघ
माई, फी किती घेता हो एवढ्या सगळ्याची?

डोंबिवलीची_माई
ते लिहिलं तर उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतील. मावशींचा पगार, गॅस आणि घरपट्टी जाऊन जेमतेम उरतात. उशिरा आलेल्या पालकांकडून जादा घ्या असं सगळे सुचवतात, पण गाड्या खोळंबल्या की तेही दारात घामाघूम उभे असतात.

गोडांबा
सव्वाअकराला त्या लहानग्यांना भरवता काय? माझी तर तोंड शिवून बसते.

डोंबिवलीची_माई
मुगाच्या डाळीचं खिमट, वर साजूक तूप आणि चिमूटभर मेतकूट. मेतकूट घरचं.

शेंगदाण्याची_चटणी
घरचं?? प्रमाण द्या. गहू किती, हरभरा डाळ किती, आणि सुंठ घालता का?

सांगलीचे_आबा
मेतकुटात सुंठ हवीच.

मुक्ताई७९
आबा, लहान मुलांच्या मेतकुटात सुंठ??

संपादक_मंडळ
मेतकुटासाठी कृपया पाककृती विभागात वेगळा धागा काढावा. या धाग्यावर मूळ विषयाला धरून प्रतिसाद द्यावेत.

बेरकी_बोका
सुंठ घातली की मूल चावणार, विषयाला धरूनच आहे.